‘हो गं ताई, पण...’

प्रश्न : माझा धाकटा भाऊ पुण्यात नोकरीला आहे, मी सांगलीत. रोज रात्री त्याचा फोन येतो, बॉस त्रास देतो, काम हा करतो आणि क्रेडिट दुसऱ्याला मिळतं वगैरे. एचआरशी बोल म्हटलं तर "हो गं ताई, पण एचआर त्यांचंच ऐकतं." दुसरीकडे अप्लाय कर म्हटलं तर "हो, पण मार्केट डाऊन आहे." चार दिवस घरी ये म्हटलं तर रजा नाही. शेवटी माझा पारा चढतो, मी म्हणते मग बस तिथेच रडत, तो फोन ठेवतो आणि मला रात्रभर झोप नाही. आमच्या बँकेत ट्रान्झॅक्शनल ॲनालिसिसचं (टीए) ट्रेनिंग झालं होतं, म्हणजे माणसं एकमेकांशी मनाच्या कुठल्या अवस्थेतून बोलतात ते, आईबापासारखं बोलणं म्हणजे पॅरेंट, समोरचं बघून विचाराने बोलणं म्हणजे ॲडल्ट, लहान मुलासारखं म्हणजे चाइल्ड वगैरे. तेव्हापासून मी मुद्दाम ॲडल्टमधून, शांतपणे बोलते, तरी तेच. माझं काय चुकतंय?

उत्तर : ताई, तुम्ही लिहिलंय ते संभाषण टीएमध्ये फार प्रसिद्ध आहे. टीएचा जनक एरिक बर्न, मूळचा माँट्रियलचा आणि पुढे कॅलिफोर्नियात स्थायिक झालेला सायकिॲट्रिस्ट, त्याने १९६४ साली ‘गेम्स पीपल प्ले’मध्ये माणसं नकळत खेळतात ते डाव मांडले, आणि डाव ही कल्पनाच मुळात त्याला सुचली ती या "असं का नाही करत?" "हो, पण..." वरून.

आता ट्रेनिंगमध्ये बहुतेक राहून जातं ते सांगते. बर्नच्या मते एकाच वेळी बोलणं दोन पातळ्यांवर चालू शकतं. वरवर तुमचा ॲडल्ट त्याच्या ॲडल्टशी बोलतोय, प्रॉब्लेम आणि उपाय, सगळं लॉजिकल. पण आतून बघाल तर तुम्ही पॅरेंट झालाय, "थांब, मी सांगते काय करायचं ते", आणि तो चाइल्ड, "बघ, तुलापण जमत नाहीये." म्हणून आवाज शांत ठेवून उपयोग होत नाही, कारण खरी देवाणघेवाण खालच्या पातळीवर चाललेली असते. सगळे सल्ले संपून समोरचा गप्प झाला की डाव पूर्ण होतो, "माझं कोणीच काही करू शकत नाही" हे पुन्हा एकदा सिद्ध होतं. तो हे ठरवून करत नाही बरं का, आणि त्याचा त्रास खराच आहे, त्यामुळे प्लीज त्याला "तू गेम खेळतोयस" असं ऐकवू नका, ते परत पॅरेंटचंच बोलणं झालं.

आणि डावात तुमचाही हात आहे, हे मी दोष म्हणून सांगत नाहीये. बर्नचाच शिष्य स्टीफन कार्पमन, त्याने १९६८ मध्ये ड्रामा ट्रँगल मांडला, तारणारा, छळणारा आणि पीडित, आणि माणसं या तीन जागा फिरत्या ठेवतात. तुम्ही फोन घेता तेव्हा तारणारी असता, "बस रडत" म्हणता तेव्हा छळणारी आणि रात्री कूस बदलत पडता तेव्हा पीडित. एका फोनमध्ये तिन्ही जागा!

मग करायचं काय, तर सल्ला देणंच बंद. बर्नने यावर दिलेलं उत्तर साधं आहे : "अवघड आहे रे हे, मग तू काय करायचं ठरवतोयस?" हे मनापासून म्हणायचं, टोमणा वाटला तर गेलं सगळं. सुरुवातीला तो गोंधळेल, कदाचित चिडेल, "तुला काही पडलेलीच नाही" म्हणेल, तेव्हा घाई करून उपाय पुढे करू नका. आणि कामाचं रडगाणं नसेल तेव्हा स्वतःहून फोन करा. दखल घेतली जाणं, बर्न ज्याला स्ट्रोक म्हणतो, ती माणसाची भूक आहे, आणि तक्रार केल्यावरच ताई तासभर ऐकते असं झालं तर तो तक्रारच घेऊन येणार ना.

एकच गोष्ट वेगळी. जगण्याचाच कंटाळा आलाय असं काही तो बोलला तर हे टीए-बिए बाजूला ठेवा, सरळ विचारा, डॉक्टरांकडे न्या. टेली मानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन, १४४१६, मोफत आहे.

प्रश्न : गाडीची चावी कुठंय एवढंच विचारलं तरी बायको म्हणते "सगळं माझ्यावरच ढकला." मी तर ॲडल्टमधूनच विचारतो!

उत्तर : याला क्रॉस्ड ट्रान्झॅक्शन म्हणतात, ॲडल्टला विचारलं आणि उत्तर आलं चाइल्डकडून, मग मूळ विषय तिथेच थांबतो, चावी राहते बाजूला. बर्नच्या उदाहरणात नवरा शर्टाची कफलिंक शोधतोय, बाकी तुमचंच घर. पण शब्द ॲडल्टचे असून सूर "परत कुठे टाकलीस" असाही असू शकतो, आणि तो सूर तुम्हाला ऐकू येत नाही, त्यांना येतो. त्यांनाच एकदा विचारा, चहा घेताना वगैरे, मी विचारतो तेव्हा तुला नक्की काय ऐकू येतं. आणि उत्तर मधेच न तोडता ऐकून घ्या.