कोल्हापुरात पुरातत्त्व मंडळाचं वार्षिक संमेलन आहे, मी हा विषय शिकलेलो नाही, नुसती आवड आहे, तरी जावं का? तिथं नेमकं काय चालतं?

नक्की जा. मी बँकेत नोकरीला आहे, इतिहास दहावीनंतर सुटला तो सुटलाच, तरी गेली चार वर्षं आमच्या भागातल्या संमेलनाला जातोय.

उद्घाटन आणि सत्कारात तास-दीड तास जातो, मग निबंधवाचन. सगळंच कळेल असं नाही, पण शिलाहार राजांच्या कोरीव लेखांत आपल्या कोल्हापूरला क्षुल्लकपूर म्हटलंय हे स्क्रीनवर अक्षरावर बोट ठेवून कोणतरी दाखवतं तेव्हा अंगावर काटा येतो.

खरी मजा चहाच्या वेळेला. पहिल्या वर्षी एका मॅडमनी शिकवायला आणलेलं एक खापर माझ्या हातात दिलं, आतून काळंभोर, बाहेरून तांबडं, मला वाटलं दोन रंग दिलेत. त्या म्हणाल्या रंग नाही ओ, भट्टीत भांडं पालथं घालायचे, आत हवा पोचत नाही म्हणून आतली बाजू काळी आणि बाहेर हवा लागते म्हणून तांबडी. दोन हजार वर्षांपूर्वीच्या कुंभाराचं डोकं दोन मिनिटांत कळलं मला.

दुसऱ्या दिवशी स्थळभेट असेल तर अजिबात चुकवू नका. आम्ही ब्रह्मपुरीला गेलेलो, पंचगंगेच्या काठाला. १९४५-४६ ला डेक्कन कॉलेजच्या सांकलिया आणि दीक्षित सरांनी तिथं उत्खनन केलं आणि सातवाहन काळातली वस्ती उजेडात आली. ब्रह्मपुरीतच सापडलेली पोसायडनची म्हणजे ग्रीकांच्या समुद्रदेवाची ब्राँझची छोटी मूर्ती टाऊन हॉल म्युझियममध्ये आहे. मी लहानपणापासून म्युझियमच्या बागेत खेळलोय पण आत जाऊन ती मूर्ती पहिल्यांदा बघितली ती या लोकांबरोबर, याचं अजून वाईट वाटतं.

एक सांगतो, रिकाम्या हातानं जाऊ नका. गावाकडं देवळामागं, शेताच्या बांधावर एखादा कोरीव दगड असतोच, त्याचा फोटो न्या. सकाळच्या तिरप्या उन्हात काढा, शेजारी पट्टी ठेवा, जागा लिहून ठेवा. अक्षरं असतील तर खडू किंवा पीठ भरू नका, दगड खराब होतो. आणि जागेवरून काही उचलायचं नाही, जमिनीत जुनी नाणीबिणी सापडली तर १८७८ च्या निखात निधी म्हणजे पुरलेल्या धनाच्या कायद्यानं कलेक्टरना कळवावं लागतं.

मी आमच्या मारुतीच्या देवळाजवळच्या दगडाचा फोटो नेलेला, तेल आणि शेंदूर लावून लावून त्याची बोटभर पुटं चढलेली. आम्ही त्याला म्हसोबाच म्हणत होतो. तिथल्या एका वयस्कर सरांनी फोटो मोठा करून बघितला, वर चंद्र-सूर्य, खाली कोपरात वाकवलेला एक हात आणि मनगटाला बांगड्या, म्हणाले हा देव नाही बाळ, सतीशिळा आहे, कुणाची तरी लेक आहे ही. घरी येऊन आजीला सांगितलं. ती कितीतरी वेळ गप्प बसली. आता शनिवारी मारुतीला जाते तेव्हा तिथं शेंदूर लावत नाही, एक फूल ठेवते आणि बांगड्यांवरून हात फिरवते.