बदलीचा हिशेब: गेलेले पैसे आणि अडकलेले पैसे

*वाचकांचे प्रश्न, निवृत्त बँक अधिकारी ताईंची उत्तरं*

प्रश्न: नमस्कार ताई. यजमानांच्या कंपनीने त्यांची पुण्याहून बंगळुरूला बदली केली आहे. ऑफिस व्हाइटफील्डला. आम्ही सिंहगड रोडला भाड्याने राहतो. भाडं २४,००० आणि घरमालकाकडे तीन महिन्यांचं डिपॉझिट, म्हणजे ७२,०००. मुलगी चौथीत, राज्य मंडळाच्या शाळेत. सासूबाई सोबत येणार. बंगळुरूत एक फ्लॅट पसंत केलाय, भाडं ३८,०००, मालक पाच महिन्यांचं डिपॉझिट मागतात आणि एजंटला एक महिन्याचं भाडं. सामान न्यायला तिघांना विचारलं. एकाने फोनवरच २४,००० सांगितले. दुसऱ्याने घरी येऊन यादी केली, ३८,५०० अधिक जीएसटी, विमा हवा तर सामानाच्या किमतीच्या ३ टक्के वेगळा. तिसऱ्याचे सगळं धरून ४६,०००, त्यात एक लाखापर्यंतचा विमा. कंपनी पावत्यांवर ७५,००० देणार आहे. आम्ही दोन लाख बाजूला काढलेत. पुरतील का? नाहीतर एफडी मोडावी लागेल. आणि गाडी, स्कूटर, सासूबाईंचा पाटा-वरवंटा यांचं काय करावं?
— एक वाचक, सिंहगड रोड, पुणे

उत्तर: दोन लाख पुरणार नाहीत. ट्रक दारात यायच्या आधीच ते संपतील.

डिपॉझिट १,९०,०००, एजंटचे ३८,०००, पहिल्या महिन्याचं भाडं ३८,०००. हे झाले २,६६,०००, आणि अजून एक खोकंसुद्धा बांधलेलं नाही. बदलीचं म्हटलं की सगळे ट्रकच्या भाड्यावरून घासाघीस करत बसतात. माझ्या बँकेतल्या बदल्यांमध्ये मी उलट वागायला शिकले. वहीच्या पानावर उभी रेघ मारायची. डावीकडे गेलेले पैसे, उजवीकडे अडकलेले पैसे. गेलेले म्हणजे परत न येणारे: दलाली, वाहतूक, जोडाजोड. अडकलेले म्हणजे तुमचेच, पण दुसऱ्याच्या हातात असलेले: नवं डिपॉझिट, घरमालकाकडे राहिलेलं जुनं डिपॉझिट, कंपनीकडून यायची रक्कम. तंगी येते ती बहुतेक वेळा उजव्या रकान्यामुळे, आणि आपण कात्री लावतो डाव्याला.

तुमचं पान मी भरून बघितलं. वरचे २,६६,०००. पुण्याचं घर आणि नवं घर पंधरा दिवस दोन्ही ठेवावी लागतील असं धरा, त्याचे १२,०००. वाहतूक आणि विमा ५२,००० (कसे ते पुढे सांगते). तिकिटं, पेट्रोल, टोल, वाटेतला मुक्काम मिळून २०,०००. नव्या घरी इलेक्ट्रिशियन, प्लंबर, पडद्यांचे रॉड, गीझर बसवणं, इंटरनेट आणि सोसायटीने शिफ्टिंगचे पैसे मागितले तर ते, असे १५,०००. बेरीज ३,६५,०००. मुलीच्या शाळेची प्रवेश फी यात नाही. ती आजच विचारून घ्या, कारण तो आकडा या सगळ्यांना लाजवू शकतो.

आता घाबरू नका. ३,६५,००० मधले वाहतूक आणि प्रवासाचे ७२,००० कंपनीकडून येतील. पहिलं भाडं एरवीही दिलंच असतं. १,९०,००० डिपॉझिटमध्ये आहेत. खरोखर गेले ते ६५,०००. म्हणून एफडी मोडू नका. ज्या बँकेत ती आहे तिथे एफडीवर ओव्हरड्राफ्ट मागा, म्हणजे एफडी तारण ठेवून लागेल तेवढी उचल. व्याज साधारण एफडीच्या दरापेक्षा एखादा टक्का जास्त असतं, आणि तेही वापरलेल्या रकमेवर, वापरलेल्या दिवसांपुरतंच. कंपनीचे हे ७२,००० आणि पुण्याच्या डिपॉझिटचे ७२,००० हातात आले की त्यातला मोठा भाग फिटेल. मुदतीआधी मोडलेल्या एफडीवर दर कमी मिळतो, ते नुकसान कायमचं. काउंटरच्या पलीकडे बसून हे मी कितीतरी लोकांना सांगितलं आणि तरी अर्ध्यांनी एफडी मोडलीच.

डिपॉझिटबद्दल एक गोष्ट करार करतानाच बोला. बंगळुरूत घर सोडताना रंगकामासाठी एक महिन्याचं भाडं कापून घेण्याची पद्धत आहे. ती करारात लिहिलेली असते आणि कोणी वाचत नाही. तुमच्या बाबतीत ते ३८,०००. दोन वर्षांहून कमी राहिलो तर निम्मे कापा, असं म्हणून बघा. पाच महिन्यांचे चार होतात का तेही विचारा. पूर्वी तिथे दहा महिन्यांचं मागत, त्यामानाने तुमचे मालक बरे. मेंटेनन्स भाड्यात आहे की वर, आणि पाण्याचं बिल कोण भरतं, हे दोन्ही लिहून घ्या. व्हाइटफील्डच्या बाजूच्या पुष्कळ सोसायट्या बोअर आणि टँकरवर चालतात. २०२४ च्या उन्हाळ्यात बंगळुरूत पाण्याची काय दशा झाली होती ते तुम्ही वाचलं असेलच.

मूव्हर्सवाल्यांकडे येते. २४,००० वाल्याचं नाव खोडून टाका. सामान न बघता फोनवर भाव सांगणारा माणूस खरा भाव ट्रक भरल्यानंतर सांगतो. ‘मॅडम, सामान जास्त निघालं’ हे वाक्य तेव्हा येतं, जेव्हा तुमची गादी त्याच्या गाडीत असते. शिवाय तो पक्कं बिल देणार नाही, म्हणजे कंपनीकडून दमडी मिळणार नाही. सगळ्यात स्वस्त माणूस तुमच्या खिशातून २४,००० नेणार आणि महाग माणूस कंपनीच्या.

उरलेल्या दोघांत वरवर साडेसात हजारांचा फरक दिसतो. दुसऱ्याच्या ३८,५०० वर १८ टक्के जीएसटी लावा, ४५,४३० झाले. तुमच्या सामानाची किंमत तीन लाख धरली तर विम्याचे ९,०००. एकूण ५४,४३०. तिसऱ्याच्या ४६,००० मध्ये एक लाखाचा विमा आहेच. आणखी दोन लाखांचा त्याच ३ टक्क्यांनी वाढवला तर ६,०००, म्हणजे ५२,०००. मी तिसऱ्याला देईन. पण आधी विचारा, की हा विमा खऱ्या विमा कंपनीची पॉलिसी आहे का, आणि ट्रक भरायच्या आधी पॉलिसी नंबर मिळेल का. काही जण स्वतःच्याच कागदावर ‘विमा’ लिहून पैसे घेतात आणि बिल्टीच्या, म्हणजे ट्रकवाल्याच्या माल-पावतीच्या, मागे बारीक अक्षरात ‘ओनर्स रिस्क’ छापलेलं असतं. म्हणजे फुटलं तर तुमचं. गाडी पूर्ण तुमची आहे की पार्ट लोड, म्हणजे इतरांच्या सामानासोबत, वाटेत दुसऱ्या ट्रकमध्ये सामान उतरवणार का, तिसऱ्या मजल्यापर्यंत चढवणं भावात आहे का, हे सगळं कोटेशनवर लिहून घ्या. सगळे पैसे आधी देऊ नका. आणि तारीख महिनाअखेरची घेऊ नका, त्या आठवड्यात सगळं शहर घर बदलतं. सामान उतरवून घेताना काही तुटलेलं दिसलं तर पोच देण्याच्या कागदावर सहीच्या वरच लिहा, फोटो काढा. ‘नंतर बघू’ म्हणून सही केली की संपलं. वाटेत ई-वे बिलाच्या (मालाच्या वाहतुकीला जीएसटीत लागणाऱ्या कागदाच्या) नावाने कोणी जादा पैसे मागितले तर देऊ नका. वापरलेल्या घरगुती सामानाला ते लागत नाही.

बिल कोणाच्या नावाने हवं ते कंपनीला आधी विचारा. बदलीचा खर्च पावत्यांवर मिळाला तर प्रत्यक्ष खर्चाइतक्या रकमेवर आयकर लागत नाही. तीच रक्कम पगारात ‘बोनस’ म्हणून आली तर लागतो. एचआरला हा एक मेल आजच करा.

काय न्यायचं? नवा फ्लॅट सेमी-फर्निश्ड असेल तर भिंतीतली कपाटं आणि स्वयंपाकघर तयार असतं. मग प्लायवूडची कपाटं नेऊ नका, एकदा उघडून जोडलेल्या प्लायवूडचे स्क्रू पुन्हा नीट बसत नाहीत. लोखंडी कपाट न्या, त्याला काही होत नाही. दोन एसी असतील तर एक इथेच विका. बंगळुरू समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरवर आहे, तिथे एसी काढणं, बसवणं, पाइप आणि गॅस यावर पैसे घालण्यात अर्थ नाही. फ्रिज आदल्या दिवशी बंद करून कोरडा करा. फ्रंट लोड वॉशिंग मशिनचे ट्रान्झिट बोल्ट (वाहतुकीत आतला ड्रम घट्ट धरणारे) कुठे ठेवलेत ते आजपासून शोधायला लागा. तेलाचे डबे आणि लोणच्याच्या बरण्या मूव्हर्सवाले घेत नाहीत, त्या गाडीतून न्या किंवा शेजारणीला द्या.

पाटा-वरवंटा न्या. लांबच्या ट्रकचा भाव सामान किती जागा खातं त्यावर ठरतो. पाटा जागा खात नाही, फुटत नाही, आणि सासूबाईंचं अर्ध घर इथेच सुटतंय, निदान तो तरी सोबत असू द्या.

कार चालवत न्या. साताऱ्यावरून कोल्हापूर, बेळगाव, हुबळी असा ८४० किलोमीटरच्या आसपासचा सरळ महामार्ग आहे. सासूबाई असताना एका दमात जाऊ नका, हुबळीला मुक्काम करा. एमएच-१२ नंबर तिथे लगेच बदलावा लागत नाही. मोटार वाहन कायद्याने गाडी दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांपेक्षा जास्त राहिली तर नवा नंबर घ्यावा लागतो. त्यासाठी पुण्याच्या आरटीओची एनओसी, आणि कर्ज चालू असेल तर बँकेचीही. कर्नाटकचा रोड टॅक्स देशातल्या जास्त दरांपैकी आहे, तो गाडीच्या वयाप्रमाणे भरायचा आणि महाराष्ट्रात भरलेल्या टॅक्सचा उरलेला भाग परत मागायचा. वर्षभरात परत यायची शक्यता असेल तर या फंदात पडू नका. स्कूटर जुनी असेल तर पुण्यातच विका, तिच्यासाठी एवढी कागदपत्रं करणं परवडत नाही.

सिलेंडर ट्रकमध्ये टाकायचा नाही. एजन्सीत सिलेंडर आणि रेग्युलेटर जमा करा, डिपॉझिट परत घ्या आणि टर्मिनेशन व्हाउचर, म्हणजे कनेक्शन बंद केल्याचा कागद, सांभाळून ठेवा. त्यावर तिथे नवं कनेक्शन मिळतं. मुलीच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी लागते, कारण ती परराज्यात चालली आहे. तो कागद मिळायला वेळ लागतो, म्हणून ट्रकच्या आधी दाखला. आणि शाळेत कन्नड किती शिकावं लागेल ते विचारा. चौथीतलं मूल ते सहज उचलतं, मोठ्या मुलांचे हाल होतात.

प्रश्न: आम्ही दोघं निवृत्त. नागपूरहून पुण्याला मुलाजवळ कायमचे जातोय. तीन खोल्यांचा संसार आहे, मुलगा म्हणतो काहीच आणू नका. एमएच-३१ ची गाडी आहे, तिचा नंबर बदलावा लागेल का?
— एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर: नंबर बदलत नाही. राज्य तेच आहे, फक्त नोंदणीवरचा पत्ता बदलायचा, तोही राहायला गेल्यापासून तीस दिवसांत. मतदार यादीसाठी फॉर्म ८ भरा, नव्या नोंदणीचा नाही. पेन्शन खातं त्याच बँकेच्या पुण्यातल्या शाखेत हलवता येतं. हयातीचा दाखला कुठूनही देता येतो, त्यासाठी नागपूरला खेप नको.

मुलगा म्हणतो म्हणून सगळं सोडू नका आणि हट्टाने सगळं नेऊही नका. वाळ्याच्या ताट्यांचा मोठा कूलर मात्र सोडा. पुण्याच्या उन्हाळ्याला नागपूरकर उन्हाळा म्हणत नाहीत हे तुम्हाला आठवड्यात कळेल. बाकी मुलाच्या घरात तुमची एक खोली असेल, तिची लांबी-रुंदी मागवा आणि खडूने अंगणात आखा. त्यात पलंग, कपाट, देवघर आणि तुमची बसायची खुर्ची मावली की पुरे. एवढ्यासाठी पूर्ण ट्रक नको, पार्ट लोड स्वस्त पडेल, फक्त सामान चार-सहा दिवस उशिरा पोचेल. औषधं, बँकेची पासबुकं आणि घराचे मूळ कागद ट्रकमध्ये अजिबात द्यायचे नाहीत. गाडी मुलाला न्यायला सांगा. समृद्धीने छत्रपती संभाजीनगरपर्यंत आणि पुढे अहिल्यानगरवरून पुणे.

नागपूरचं घर भाड्याने द्यायचं ठरलं तर ‘ओळखीचे आहेत’ म्हणून तोंडी देऊ नका. अकरा महिन्यांचा करार असला तरी तो लेखी आणि नोंदवलेला लागतो, आणि ती जबाबदारी घरमालकाची.

प्रश्न: पुण्याहून दिल्लीला नोकरीसाठी जातोय. सामान म्हणजे दोन बॅगा आणि मोटरसायकल. मूव्हर्सवाले बाइकचेच खूप सांगतात. रेल्वेने जाते का?
— एक वाचक, कर्वेनगर, पुणे

उत्तर: जाते. त्याच गाडीचं तुमचं तिकीट असेल तर लगेज म्हणून, नसेल तर पार्सल म्हणून. बुकिंग स्टेशनच्या पार्सल ऑफिसात होतं. आरसीची प्रत आणि ओळखपत्र लागेल. टाकी पूर्ण रिकामी हवी, थोडंसं पेट्रोल राहिलं तरी घेत नाहीत. गोणपाट आणि पेंढा लावून बाइक बांधायला स्टेशनबाहेर माणसं मिळतात. आरसे आधीच काढून बॅगेत टाका, हेडलाइट आणि टाकीवर पुठ्ठा लावायला सांगा आणि समोर उभे राहून बांधून घ्या. नाव, मोबाइल, कुठून-कुठे हे पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात दोन ठिकाणी लिहा.

निघायच्या दिवशी सकाळी जाऊन चालणार नाही, आदल्या दिवशी जा आणि त्या गाडीच्या पार्सल डब्यात जागा आहे का ते विचारून घ्या. लगेज केलं तरी बाइक तुमच्याच गाडीत चढेल याची खात्री नसते, म्हणून पहिले दोन-तीन दिवस ऑफिसला मेट्रोने जायची तयारी ठेवा. पोचल्यावर लगेच सोडवून घ्या, उशीर झाला की तासाच्या हिशेबाने दंड चढतो. पावती हरवू नका, तिच्याशिवाय बाइक समोर दिसत असली तरी हातात मिळत नाही.