समुपदेशकाकडं गेलं की व्हिसा जातो? परदेशी शिकणाऱ्या मुलांविषयी काही प्रश्नोत्तरे

सप्टेंबर-ऑक्टोबरच्या प्रवेशाची मुलं गेली, की नोव्हेंबरपासून माझ्याकडं येणाऱ्या पत्रांचा सूर बदलतो. आधीचे प्रश्न बॅगेचे आणि बँकेचे असतात, नंतरचे झोपेचे, रडण्याचे आणि न उचललेल्या फोनचे. एक मानसोपचारतज्ज्ञ म्हणून यंदा एकच गैरसमज बेळगाव, खानापूर, निपाणी, सगळीकडून मी इतक्यांदा ऐकला, की त्याचं उत्तर सविस्तर देतो. बाकीची थोडक्यात.

प्रश्न : मुलगा जर्मनीला निघालाय. दोन किलो कुंदा आणि घरचं तूप दिलं तर चालेल का? (शहापूर)

उत्तर : नाही. युरोपीय संघात बाहेरच्या देशांतून दुधाचे पदार्थ सामानातून नेता येत नाहीत, आणि कुंदा खव्याचा. थालीपिठाची भाजणी आणि मेतकूट द्या. त्याहून आधी त्याला भात-आमटी करायला शिकवा.

प्रश्न : मुलगी टोरांटोला आहे. मी दिवसातून चार वेळा फोन करते. ती चिडते. चुकतंय का माझं? (टिळकवाडी)

उत्तर : हो. आपल्या सकाळी दहा वाजता तिथं रात्रीचे साडेअकरा-साडेबारा असतात. दोघींनी मिळून एक वेळ ठरवा, ती पाळा.

प्रश्न : मुलगी इंग्लंडमध्ये एमएस्सी करते. महिनाभर सारखी रडते, लेक्चरला जात नाही. विद्यापीठात समुपदेशक आहेत म्हणते. पण आमच्या ओळखीच्या एकांनी सांगितलं, तिथं नाव नोंदलं की रेकॉर्डला लागतं आणि व्हिसा रद्द होतो. शिवाय उद्या स्थळं बघायची आहेत. काय करावं? (एक वडील, निपाणी)

उत्तर : हे खोटं आहे. समुपदेशकाकडं किंवा डॉक्टरकडं गेल्यामुळं विद्यार्थ्याचा व्हिसा रद्द होत नाही. तिथं बोललेलं गोपनीय राहतं. कुणाच्या जिवाला धोका दिसला तरच ते पुढं सांगितलं जातं. व्हिसाला धोका आहे तो लेक्चर बुडवण्यात. ब्रिटनमध्ये विद्यापीठ हेच विद्यार्थ्याच्या व्हिसाचं प्रायोजक असतं. विद्यार्थी अभ्यासक्रमातून गायब झाला, तर विद्यापीठाला ते गृहखात्याला कळवावं लागतं. म्हणजे ज्या दारात जाऊ नको असं तुम्ही तिला सांगताय, तेच दार तिला वाचवणारं आहे.

दोन वर्षांमागं चिकोडीकडचा एक मुलगा वडिलांबरोबर माझ्याकडं आला. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलतो. शिक्षण अर्धवट टाकून परतला होता. वडिलांनी त्याचा मोबाइल टेबलावर ठेवला. विद्यापीठाकडून आलेले अकरा मेल, एकही न उघडलेला, सगळे अजून ठळक अक्षरांत. प्रत्येकात व्हिसा गेल्याचंच लिहिलं असणार, या भीतीनं त्यानं हातच लावला नव्हता. आम्ही तिघांनी मिळून पहिला उघडला. जेमतेम तीन ओळी होत्या. दोन आठवडे वर्गात दिसला नाहीस, बरा आहेस ना, येऊन भेट. अकराव्या मेलमध्ये नाव कमी केल्याचं कळवलं होतं. वडील काही बोलले नाहीत. मोबाइलची काच शर्टाला पुसून त्यांनी तो खिशात टाकला.

त्या पहिल्या मेलनंतर तो भेटायला गेला असता, तर बऱ्याच वाटा मोकळ्या होत्या. परीक्षा पुढं ढकलून मागता येते, निबंधाला मुदतवाढ मिळते. अमेरिकेत तर डॉक्टरांचं पत्र असेल, तर विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थी अधिकाऱ्याच्या परवानगीनं कमी विषय घेता येतात. एका पदवीच्या काळात अशी एकूण १२ महिन्यांपर्यंत सवलत मिळते. अट एवढीच, की परवानगी आधी घ्यायची. विषय सोडून मग सांगायला गेलात, तर तीच गोष्ट नियमभंग ठरते. ब्रिटनमध्येही लांबची सुट्टी घ्यायची झाली तर व्हिसाचा प्रश्न येऊ शकतो, म्हणून तेही आधी विचारून. मी इतकं तावातावानं लिहितोय ते यासाठीच. ही सगळी दारं वेळेत गेलेल्याला उघडी असतात, आणि आपली मुलं अफवा ऐकून वेळ घालवतात.

आता तुमच्या मुलीविषयी. घरची आठवण येऊन जाते. मधल्या वेळात मूल जेवतं, मैत्रिणीबरोबर हसतं. पण दोन आठवडे, दिवसाचा बराच वेळ, मन उदास, कशात रस नाही, झोप आणि भूक बिघडलेली, लक्ष लागत नाही, असं असेल तर ‘सुरुवातीला असंच होतं’ म्हणून थांबू नका. तुमच्याकडं तर महिना झालाय. तिनं याच आठवड्यात दोन गोष्टी कराव्यात. जवळच्या जीपीकडं, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या डॉक्टरकडं, नाव नोंदवावं. व्हिसा काढताना वर्षाला ७७६ पौंड आरोग्य अधिभार तुम्ही भरलाच आहे, त्यामुळं तपासणीला वेगळे पैसे पडत नाहीत. आणि विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थी सल्लागाराला भेटून बुडालेल्या लेक्चरांबद्दल स्वतः सांगावं. निदान तिथल्या डॉक्टरांनीच करायचं, माझ्या या उत्तरावरून तुम्ही करू नका.

स्थळांचं म्हणाल, तर आजारी मुलीवर वेळेत उपचार करणं यात लपवण्यासारखं काही नाही. आधी मुलगी बरी होऊ दे.

प्रश्न : मुलगा फोन उचलत नाही म्हणून विद्यापीठाला मेल केला. ‘माहिती देता येत नाही’ एवढंच उत्तर आलं. फी आम्ही भरतो, तरी असं का? (खानापूर)

उत्तर : तो सज्ञान आहे. त्याच्या संमतीशिवाय ते तुम्हाला काही सांगू शकत नाहीत, फी कुणीही भरो. पण तुमचं ऐकून घेऊ शकतात. माहिती मागू नका, माहिती द्या : अमुक दिवसापासून संपर्क नाही, आम्हाला काळजी वाटते, कुणीतरी जाऊन बघा. असं कळवलं की बहुतेक विद्यापीठं चौकशी करतात. ज्यांची मुलं अजून जायची आहेत, त्यांनी जाण्याआधी मुलाचा पत्ता, घरमालकाचा आणि एका मित्राचा नंबर वहीत लिहून घ्यावा.

प्रश्न : दहावीपर्यंत मराठी माध्यम, मग बेळगावातच इंजिनिअरिंग. आता जर्मनीत इंग्रजीतून मास्टर्स करतोय. वर्गात अर्धं कळत नाही. इथं पहिल्या तिघांत होतो, तिथं ढ ठरलो. (खानापूर तालुका)

उत्तर : ढ ठरला नाहीस. घरी मराठी, बसमध्ये आणि कचेरीत कन्नड, कॉलेजात इंग्रजी असं तू आयुष्यभर करत आलास. आता चौथी भाषा आलीय आणि शिकवण्याची तऱ्हाही बदललीय. तिथं प्राध्यापकांची भेटीची वेळ ठरलेली असते, तिला ‘श्प्रेखश्टुंडं’ म्हणतात. मेल करून वेळ घे, एकच प्रश्न घेऊन जा. आपल्याकडं सरांच्या केबिनमध्ये जायचं म्हणजे काहीतरी चुकलंय असं वाटतं, तिथं तसं नाही. परीक्षेचं मात्र जपून. परीक्षेसाठी वेगळी नोंदणी लागते, ठरावीक तारखेपर्यंत ती मागे घेता येते, आणि एका विषयाला बहुतेक ठिकाणी तीनच संधी असतात. तयारी नसताना ‘देऊन तर बघू’ म्हणून एक संधी घालवू नकोस. तुझ्या विभागाचे नियम सल्लागाराकडून आजच समजून घे.

प्रश्न : मुलगा दोन वर्षं फिटच्या गोळ्या घेतो. जर्मनीला सहा महिन्यांच्या न्याव्यात आणि पुढच्या कुरिअरनं पाठवाव्यात असं मेडिकलवाल्यानं सांगितलं. (अनगोळ)

उत्तर : दोन्ही चूक. सोबत साधारण तीन महिन्यांच्या गरजेपुरतीच औषधं नेता येतात, आणि युरोपबाहेरून टपालानं औषधं मागवायला खासगी माणसाला तिथं मनाई आहे. पार्सल कस्टममध्ये अडकतं आणि गोळ्या बंद पडतात. फिटची गोळी एक दिवसही चुकवायची नसते. न्यूरॉलॉजिस्टकडून इंग्रजीत पत्र घ्या. त्यात आजार, मात्रा आणि औषधाचं मूळ नाव हवं, कारण आपल्या दुकानातला ब्रँड तिथं कुणी ओळखणार नाही. क्लोनाझेपामसारखी नियंत्रित गोळी असेल तर आणखी कागद लागतात, ते निघण्याआधी विचारा. पोचल्यावर पहिल्याच महिन्यात तिथला डॉक्टर गाठायचा.

प्रश्न : बर्लिनला आहे. डिसेंबर लागल्यापासून उठवतच नाही. ‘डी’ जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची पाकिटं आईनं दिलीत, घेऊ का? (वडगाव)

उत्तर : रक्त तपासल्याशिवाय नको. आपल्याकडं डिसेंबरातही दिवस अकरा तासांवर असतो, बर्लिनला पावणेआठ तासही भरत नाहीत. त्याचा झोपेवर परिणाम होतो. उजाडल्यावर, ढग असले तरी, अर्धा तास बाहेर चाल. दोन आठवड्यांत फरक पडला नाही तर डॉक्टर.

प्रश्न : एजंट ‘परदेशात रुळण्याचं समुपदेशन’ म्हणून वेगळं पॅकेज विकतोय. घ्यावं का? (कॅम्प)

उत्तर : नाही. विद्यापीठातलं समुपदेशन बहुतेक ठिकाणी फुकट असतं. बऱ्याच एजंटांना विद्यापीठाकडून कमिशन मिळतं. आता ते तुमच्या भीतीचेही पैसे मागतायत.

प्रश्न : मुलगी ‘सगळं ठीक’ म्हणते, पण आता व्हिडिओ लावत नाही. परवा म्हणाली, ‘मी नसते तर तुमचं कर्ज तरी वाचलं असतं.’ सरळ विचारायची भीती वाटते, नसता विचार डोक्यात यायचा. (एक आई, बेळगाव)

उत्तर : विचारल्यानं तो विचार डोक्यात येत नाही. विचारा, याच शब्दांत : ‘जीव द्यावासा वाटतो का तुला?’ मग गप्प राहा आणि ऐका. कर्जाचा हिशोब नको, उपदेश नको. हो म्हणाली तर तिला एकटी ठेवू नका, शेजारच्या खोलीतल्या मैत्रिणीला बोलवायला सांगा. तातडीचा नंबर जर्मनीत ११२, ब्रिटनमध्ये ९९९, अमेरिकेत ९११ (आत्महत्येच्या विचारांसाठीची तिथली मदतवाहिनी ९८८). तुम्हाला इथं बोलायला कुणी हवं असेल तर टेली-मानस, १४४१६, मराठीतही बोलतात. हे उत्तर छापून येण्याची वाट तुम्ही बघितली नसेल अशी आशा करतो. बघितली असेल, तर पान बाजूला ठेवा आणि तिला आत्ता फोन लावा.