काउंटरवर दिसणारे चट्टे

प्रश्न : मी तालुक्याच्या गावातील एका पतसंस्थेत रोखपाल आहे. मला सोरायसिस असून कोपरांवर, बोटांवर आणि डोक्यात चट्टे आहेत. त्यांचे पापुद्रे टेबलावर पडतात. काही खातेदार माझ्या हातून नोटा घेताना कचरतात, सहकारी डबा खाताना दूर बसतात. आता शाखाधिकारी मला ‘तुमच्याच सोयीसाठी’ आतल्या खोलीतले काम घ्या, असे सुचवत आहेत. मी काय करावे?
— एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : आतल्या खोलीतले काम तुम्हाला स्वतःला हवे असेल, तरच स्वीकारा. लोकांच्या नजरेआड करण्यासाठी ते दिले जात असेल, तर नम्रपणे पण स्पष्टपणे नकार द्या. कारण एकदा आत गेलेल्या माणसाला पुन्हा काउंटरवर येणे फार अवघड जाते आणि तुमचा आजार संसर्गजन्य असल्याची इतरांची समजूत त्यामुळे आणखी घट्ट होते.

सोरायसिस स्पर्शाने, नोटांमधून किंवा एका डब्यात जेवल्याने पसरत नाही. शरीराची प्रतिकारयंत्रणा बिघडल्यामुळे, एरवी सुमारे महिनाभरात नवी होणारी त्वचा चट्ट्यांच्या जागी अवघ्या काही दिवसांत वाढते आणि पापुद्र्यांच्या रूपाने गळते. जागतिक आरोग्य संघटनेच्या सभेने २०१४ मध्ये ठराव करून हा दीर्घकालीन, असंसर्गजन्य आजार असल्याचे नमूद केले आहे. त्वचारोगतज्ज्ञांकडून ‘हा आजार संसर्गजन्य नाही’ असे दोन ओळींचे पत्र घ्या आणि ते शाखाधिकाऱ्यांना एकांतात भेटून द्या. अशा वेळी वरिष्ठांच्या मनात दुष्टावा असतोच असे नाही. पुष्कळदा खातेदारांच्या तक्रारीची धास्ती असते, आणि खातेदाराला काय उत्तर द्यायचे हे त्या पत्रामुळे त्यांना कळते.

सहकाऱ्यांना मात्र तुम्ही स्वतःच सांगावे, असे मला मनापासून वाटते. ‘हा सोरायसिस आहे, तुम्हाला होणार नाही, माझे उपचार चालू आहेत,’ एवढे पुरे. प्रत्येक खातेदाराला खुलासा देत बसणे तुमचे काम नाही. कोणी विचारले, तर हेच वाक्य सांगा आणि पुढची पावती हातात घ्या.

कामाच्या वेळी सैल, सुती, फिकट रंगाचे कपडे घाला. त्यांवर पापुद्रे कमी उठून दिसतात. आंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच मलम लावा, म्हणजे पंख्याखाली दिवसभर बसूनही त्वचा तितकी कोरडी पडणार नाही. नोटा मोजून झाल्यावर अल्कोहोलयुक्त सॅनिटायझर वापरण्याऐवजी सौम्य साबणाने हात धुवा, कारण भेगांवर सॅनिटायझर झोंबतो. पापुद्रे नखांनी काढू नका. त्वचेला इजा झालेल्या जागी नवे चट्टे उमटू शकतात.

गावोगावी ‘हमखास गुण’ म्हणून मिळणाऱ्या निनावी पुड्यांपासून कटाक्षाने दूर राहा. त्यांत स्टेरॉइड मिसळलेले असू शकते आणि ते अचानक बंद झाल्यावर आजार पूर्वीपेक्षा तीव्रतेने उसळतो. क्वचित रुग्णालयात दाखल होण्याची वेळ येते.

आणखी एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, पण तुमचे कामच बोटांचे असल्याने ती सांगणे मला आवश्यक वाटते. सोरायसिसच्या काही रुग्णांना सांधेदुखीही होते. सकाळी उठल्यावर बोटे अर्ध्या तासाहून अधिक काळ आखडलेली राहत असतील, एखादे बोट सबंध सुजत असेल किंवा टाच दुखत असेल, तर पुढच्या तपासणीची वाट न पाहता डॉक्टरांना सांगा, कारण उपचार लांबल्यास सांध्यांची झालेली झीज भरून येत नाही.