प्रमाणपत्र घ्या, पण वीज कुणाच्या घरी गेली ते विचारा

प्रश्न : मी चिंचवडच्या एका कंपनीत हिशेब बघते. आम्ही दरवर्षी हरित ऊर्जेची प्रमाणपत्रं विकत घेतो. यंदा काँगोमधल्या सौर प्रकल्पाची घ्यावीत, असा प्रस्ताव आलाय. ती बरीच महाग आहेत. त्यानं तिथल्या गरिबाच्या घरी खरंच दिवा लागतो का?
– एक वाचक

उत्तर : ताई, एक प्रमाणपत्र म्हणजे हजार युनिट हरित वीज तयार झाल्याची पावती. ती वीज मोठ्या सौर पार्कातली असेल, तर बहुधा तिच्या विक्रीचा पंचवीस वर्षांचा करार आधीच झालेला असतो. तुमच्या पैशानं तिथं एकही जादा पॅनेल बसत नाही.

काँगोतल्या गोमा शहराची गोष्ट वेगळी. तिथं वर्षानुवर्षं लढाई, सरकारी वीज मोजक्या घरांत, दुकानं डिझेल जनरेटरवर. न्यूरू नावाच्या कंपनीनं तिथं १.३ मेगावॉटचा सौर प्रकल्प २०२० मध्ये सुरू केला. त्याची प्रमाणपत्रं मायक्रोसॉफ्टनं घेतली आणि त्या पैशातून न्दोशो वस्तीत रस्त्यावरचे दिवे लागले. अंधारात बाजारातून घरी परतणाऱ्या बाईला त्या दिव्यांचं मोल विचारा! अशा ठिकाणी कर्ज द्यायला बँका धजत नाहीत, म्हणून बाहेरून येणारा हा पैसा मला मोलाचा वाटतो. जोखीम मात्र खरी आहे. जानेवारी २०२५ मध्ये गोमा एम-२३ या बंडखोरांच्या ताब्यात गेलं.

माझी नोकरी वीज मंडळात, बरीच वर्षं धडगावकडे झाली. तिथल्या पाड्यांवर देणगीतून आलेले सौरदिवे पाहिलेत : पॅनेल धडधाकट, बॅटरी मेलेली, आणि ती बदलणं कुणाचंच काम नाही. म्हणून विक्रेत्याला आधी हे विचारा, की बॅटरी कोण बदलणार आणि त्याचे पैसे कुठून येणार? मग गिऱ्हाइकाला युनिट कितीला पडतं ते विचारा. छोट्या ग्रिडची, म्हणजे वस्तीपुरत्या वीजजाळ्याची, वीज सहसा सरकारी विजेपेक्षा महाग असते. सगळ्यात गरिबानंच सगळ्यात जास्त दर भरायचा, हे मला पटत नाही. तुमचा पैसा तो दर उतरवायला लागावा.

आणि एकाच वर्षाची खरेदी करू नका. तीन-चार वर्षांचा लेखी करार असला, तर तो दाखवून प्रकल्पवाल्याला कर्ज मागता येतं.

हिशेबातलं एक सांभाळा. हा खर्च सीएसआरमध्ये, म्हणजे कंपनीच्या सामाजिक जबाबदारीच्या खर्चात, धरू नका, तो पैसा भारतातच खर्चावा लागतो. कंपनीवर अक्षय ऊर्जा खरेदीचं कायदेशीर बंधन असेल, तर त्यासाठी इथलीच प्रमाणपत्रं लागतील. काँगोमधली त्यावर जादा घ्या.