बाटलीवरचं ‘ह्युमन’

प्रश्न : आईच्या इन्सुलिनच्या बाटलीवर ‘ह्युमन’ छापलंय. ते माणसाच्या रक्तातून काढतात का? ‘जिवाणूंकडून करून घेतात’ म्हटल्यावर दहावीतला मुलगा विचारतो, जिवाणूला आपली भाषा कळते कशी? (एक वाचक, कराड)

उत्तर : रक्तातून नाही हो! १९७०च्या सुमारास आमचे वडील टोचून घ्यायचे ते मात्र गाईच्या किंवा डुकराच्या स्वादुपिंडातून काढलेलं असायचं. आजीला हे कुणी सांगितलं नाही. ती बिचारी ती बाटली ओल्या फडक्यात गुंडाळून माठाशेजारी ठेवायची, देवाच्या तीर्थासारखी.

१९७८मध्ये अमेरिकेत मानवी इन्सुलिनची जनुकं ई. कोलाय या जिवाणूत घातली गेली. हा आपल्याच आतड्यात राहणारा. जनुकंही माणसातून कापून आणलेली नव्हती, प्रयोगशाळेत रसायनांपासून जुळवलेली होती. इन्सुलिनच्या दोन साखळ्या, एक २१ अमिनो आम्लांची (प्रथिनं ज्या कड्यांची बनतात त्या), दुसरी ३०ची. त्या वेगवेगळ्या बनवून मग जोडल्या. १९८२मध्ये अमेरिकेत या औषधाला परवानगी मिळाली.

चिरंजीवांचा प्रश्न मला जास्त आवडला. डीएनएची लिपी तीन-तीन अक्षरांनी वाचतात. ‘जीजीसी’ आलं की तुमच्या पेशीतही ग्लायसिन हे अमिनो आम्ल जोडलं जातं आणि ई. कोलायमध्येही. किरकोळ अपवाद आहेत, आपल्या मायटोकॉन्ड्रियातच, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या भागातच, सापडतील. पण लिपी एकच, कारण आपला आणि जिवाणूंचा मूळ पूर्वज एकच. तो साडेतीनशे कोटी वर्षांहून जुना असावा. जिवाणू आपली भाषा शिकलेला नाही. ती त्याच्याही घरचीच आहे.