दोन लाख ओळींची सीएसव्ही टाकली की ब्राउझरचं पान गोठतं. असिंक लावूनही तेच. काय करावं?

तुर्भ्याच्या एपीएमसीतल्या गाळ्यासाठी आवक, हमाली, तोलाई यांचा हिशेब करणारं पान तुम्ही बनवलंय. वर्षाची फाइल टाकली की एकही बटण चालत नाही, आणि असिंक-अवेट लावूनही फरक नाही. तो पडणारही नाही. अवेटचा उपयोग वाट बघायच्या कामाला, म्हणजे सर्व्हरचं उत्तर येईपर्यंत थ्रेड (कोड एकामागून एक चालवणारा धागा) मोकळा ठेवायला. बेरजा आणि सॉर्टिंग त्याच थ्रेडवर चालतात जिथे क्लिक घेतले जातात. शिवाय प्रॉमिसची (म्हणजे अवेटनंतर उरलेल्या कामांची) रांग संपल्याशिवाय ब्राउझर स्क्रीन रंगवायला घेतच नाही.

आधी मोजा. क्रोमच्या डेव्हटूल्समध्ये परफॉर्मन्स टॅब उघडा, सीपीयू 4 पट मंद करा (गाळ्यावरचा पीसी तुमच्या लॅपटॉपएवढा वेगवान नसतो) आणि रेकॉर्ड करा. 50 मिलिसेकंदांपेक्षा लांब टास्कवर लाल खूण दिसेल. पुष्कळदा दोष थ्रेडचा नसतोच: प्रत्येक ओळीसाठी व्यापाऱ्यांच्या यादीत फाइंड (पहिल्या नावापासून शोध) चालवलेलं असतं. 500 व्यापारी धरले तर 2 लाख ओळींना 10 कोटींपर्यंत तुलना होतात. व्यापाऱ्यांचा मॅप (नावावरून थेट नोंद देणारी रचना) आधीच बांधून ठेवा. मराठी नावं लोकेलकम्पेअरने क्रमाने लावत असाल, तर मराठीचा इंटल-कोलेटर (भाषेनुसार क्रम ठरवणारा ऑब्जेक्ट) एकदाच तयार करून त्याचं कम्पेअर सॉर्टला द्या.

तरीही अडकत असेल तर वेब वर्कर, म्हणजे पानामागे वेगळ्या थ्रेडवर चालणारी स्क्रिप्ट. इनपुटमधला फाइल ऑब्जेक्ट जसाच्या तसा पोस्टमेसेजने वर्करला द्या. त्यात मजकुराची कॉपी होत नाही. वाचणं, ओळी तोडणं, बेरजा सगळं तिकडेच. परत मागवा फक्त एकूण रकमा आणि स्क्रीनवर दिसणाऱ्या 50-60 ओळी. बहुतेक जण नेमके इथे फसतात: 2 लाख ऑब्जेक्ट परत पाठवले, की ते पुन्हा उभे करायचं काम मेन थ्रेडवरच (क्लिक घेणाऱ्या थ्रेडवरच) पडतं आणि पान परत गोठतं. सगळे आकडे हवेच असतील तर फ्लोट64अ‍ॅरेमध्ये (प्रत्येक आकड्याला 8 बाइट देणाऱ्या यादीत) भरा. 2 लाख आकड्यांना 16 लाख बाइट लागतात. त्याचा बफर (आकडे ठेवलेली मेमरी) पोस्टमेसेजच्या ट्रान्सफर यादीत द्या, म्हणजे कॉपी टळेल. मात्र त्यानंतर वर्करकडचा बफर शून्य लांबीचा होतो, तिथे तो पुन्हा वापरता येत नाही.

प्रगती दर ओळीला कळवू नका, 5,000 ओळींमागे एकदा पुरे. ‘रद्द करा’ बटणासाठी वर्करला मेसेज पाठवून उपयोग नाही. त्याचा लूप संपेपर्यंत तो मेसेज वाचणारच नाही. सरळ टर्मिनेट करा आणि नवा वर्कर बनवा.

वर्करला डीओएम (पानावरचे घटक) मिळत नाही, त्यामुळे टेबल मेन थ्रेडवरच भरावं लागेल. ते तुकड्यांनी करा: 10 मिलिसेकंद झाले की थांबा. क्रोम 129 पासून त्यासाठी शेड्युलर-यील्ड (मधे थांबून ब्राउझरला क्लिक घेऊ देणारं फंक्शन) आहे. ते नसेल तिथे सेटटाइमआउट. पण एकात एक पाच-सहा वेळा लावल्यावर सेटटाइमआउट दर वेळी किमान 4 मिलिसेकंद घेतो, म्हणून तुकडे फार बारीक करू नका.

आणि एचटीएमएल फाइलवर डबल-क्लिक करून तपासू नका: क्रोम तशा पानाला वर्करची फाइल उघडू देत नाही. लोकल सर्व्हरवरून चालवा.